फुटलेल्या सुपाऱ्यांचं गणित

आमच्या घरात एकदा एकही अखंड सुपारी उरली नव्हती, आणि त्यापायी माझ्या बहिणीचं लग्न मोडायची वेळ आली होती.

मी तेव्हा चौथीत होते. आमचं गाव असं, की ब्रह्मपुरीहून बैलगाडीनं निघालं तर बांधून घेतलेली शिदोरी वाटेतच संपायची आणि गाव पुढेच राहायचं. पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे मला तोंडपाठ होते. झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणायची. पण वर एक, खाली चार आणि मध्ये आडवी रेघ दिसली की माझी गाडी चिखलात रुतायची. वरच्या आकड्यानं खालच्याचं काय घोडं मारलंय, तेच मला कळत नसे.

धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली की मायचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामा, आमच्याकडे मुक्कामाला यायचा. मामा सातवी पास होता. (तेवढ्या भांडवलावर तो शेतीपासून स्वर्गापर्यंत सगळ्यावर बोलायचा.) त्यानं माझी पाटी पाहिली, मान हलवली आणि ती बाजूला ठेवली.

"पाटीवर हे समजत नाई, भाचीबाई. वस्तू कापा लागते."

झालं! पहिल्या दिवशी भाकर कापली. दुसऱ्या दिवशी कांदे. मग अंगाचा साबण. बाबा शेतावरून आले की त्यांच्या ताटात मी पाऊण भाकर वाढायची आणि उरलेली पाव हातात धरून त्यांना वजाबाकी समजावायची. भुकेला माणूस वजाबाकी किती वेळ ऐकणार? शेवटी माय कडाडली आणि अन्नाला हात लावायची बंदी झाली. मामानं घरभर नजर फिरवली, तर कोनाड्यात पितळी पानदान.

"सुपारीले कोण काय म्हणते? ते त फोडाचीच वस्तू आहे," मामा म्हणाला.

आडकित्ता हाती आल्यावर मला अपूर्णांकांची गोडी लागली. अर्ध्या झाल्या, पाव झाल्या, पावाचेही अर्धे झाले. मग मामाला दशांश आठवले. एका सुपारीचे दहा सारखे तुकडे करायचे! ते त्यालाही जमेनात. बऱ्याच सुपाऱ्यांचा भुगा झाल्यावर दशांश पुढच्या वर्गात असतात असं त्यानं जाहीर केलं. मी पानदान होतं तसं कोनाड्यात ठेवून दिलं.

आता आमच्याकडची रीत सांगते. लग्नाचं बोलणं पक्कं झालं की दोन्हीकडचे वडीलधारे मुलीच्या घरची एक अखंड सुपारी मिळून फोडतात आणि अर्धी अर्धी तोंडात टाकतात. सुपारी फुटली की शब्द दिला. त्यानंतर राजाचं पोर जरी दारात आलं तरी माघार नाही.

आणि त्याच आठवड्यात ताईला पाहायला पाहुणे आले. आधी दोन ठिकाणचे लोक पोहे खाऊन गेले होते, ते गेलेच होते. या वेळी मात्र ताईनं दाराच्या फटीतून मुलगा पाहिला आणि हातातला तांब्या स्वतःच्याच पायावर ओतला. मायनं ओळखलं की मुलगा पसंत आहे. ओसरीवर बोलणंही लोण्यासारखं सरकत होतं. बाबांनी खुशीत येऊन हाक मारली, पानदान आणा.

मायनं झाकण उघडलं, तर आत नुसते तुकडे आणि भुगा, अखंड सुपारी एकही नाही. गावात दुकान नव्हतं. बाजार होऊन गेला होता. शेजारणीकडे पळावं तर ओसरी ओलांडावी लागणार, आणि तिथे सगळे पाहुणे बसलेले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाहवेना, म्हणून मी धीर दिला, "रडू नको ताई. चार पाव मिळून एक होते."

मामाचे डोळे चमकले. लाडवांसाठी ठेवलेला धावड्याचा डिंक त्यानं भिजवला, चार पाव जुळवले आणि चुलीच्या आरावर धरून शेकले. पण एक पाव मोठ्या सुपारीचा, एक लहानीचा, उरलेले दोन कुठले देव जाणे. सुपारीला कुबड आलं. कुबडावर हळद माखून ती ताटात गेली.

मुलाच्या वडिलांनी आडकित्ता नुसता टेकवला, आणि सुपारी चौफेर निखळली. एक पाव त्यांच्या अंगठ्यालाच चिकटला. मुलाचे मोठे काका पुढे सरकले.

"हे आधीच फुटलेली दिसते. म्हणजे दुसऱ्या कोणाले शब्द देला का तुमी?"

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी मामाकडे पाहिलं, मामानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाहावं असं कोणी उरलंच नव्हतं. तेवढ्यात दाराआडून ताईचा आवाज आला. पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलगी आपणहून बोलली, हे आमच्या गावात तोवर घडलं नव्हतं.

"कोणालेच शब्द नाई देला. हे पोरगी गणित करून राह्यली होती."

मुलाच्या वडिलांनी मला पानदानासकट समोर बोलावलं. आतला तो चुराडा त्यांनी बोटानं चाळवून पाहिला.

"सांग मंग. निम आणि पाव किती?"

ताईचं लग्न आता माझ्या गणितावर येऊन ठेपलं होतं! मी पानदानातून एक अर्धी सुपारी घेतली, एक पाव घेतली आणि जोडून पाहिली.

"पाऊण," मी म्हणाले. "पण बराबर बसत नाई. हे पाव दुसऱ्या सुपारीची आहे."

ते असे हसले की बाहेरचे बैल उभे राहिले. मग त्यांनी आपला चिकट अंगठा सगळ्यांना दाखवला.

"भाऊ, आता माघार कशी घेऊ? सुपारी मले सोडूनच नाई राह्यली. आणि या पोरीनं त पुऱ्या गावाची लग्नं जमवून ठेवली."

चारातले दोन पाव त्यांनी खाल्ले, दोन बाबांना दिले, आणि ताईचं लग्न ठरलं.

माझ्या परीक्षेचं तेवढं सांगायचं राहिलं. पेपरात अपूर्णांक आले होते. मी ओचा भरून सुपारीचे तुकडे नेले होते, पण घाबरून एकेक चघळत गेले आणि तिसऱ्या गणिताला सुपारी संपली. चौथी मी दोनदा केली. ताईच्या सासरी मला तेव्हापासून 'पावकी' म्हणतात. आता केस पिकले, नातवंडं झाली, तरी त्या घरी मी अजून पावच आहे. आणि मी ओसरीवर दिसले की ताई आधी पानदान उचलून आत ठेवते.