डब्याला कुणी हात लावला नाही

माझ्या वडिलांचा सगळा राग एका बोटात होता. आवाज न चढवता ते उजव्या हाताचं बोट उगारायचे आणि म्हणायचे, "पुन्हा सांगणार नाही." पुण्यातल्या चर्चमध्ये ते पुढच्या बाकावर बसणारे, मान असलेले गृहस्थ, घरी मात्र त्या बोटापुढे आई, मी आणि मांजरसुद्धा गप्प. आपल्या मुलांवर असं बोट कधी उगारायचं नाही, असा मी तेव्हाच कानाला खडा लावला होता. मग नोकरीसाठी गुडगावला आले, लग्न झालं, मुलगी झाली, ती सात वर्षांची झाली. आणि एका संध्याकाळी गृहपाठाच्या वहीवर वाकलेल्या तिच्या डोक्यासमोर मला माझंच बोट दिसलं. वाक्यही तेच होतं.

हे माझ्यात कुठून आलं, याचा विचार करण्यात तो हिवाळा गेला. सकाळी धुक्यानं समोरचे टॉवर पुसून टाकलेले असायचे आणि मी चहाचा कप धरून बाल्कनीत उभी राहायचे. जग अजून बनायचं आहे, कुणी काही चुकलेलं नाही, असं घटकाभर वाटायचं. मग आतून दूध सांडल्याचा आवाज यायचा आणि मी ओरडायचे.

नेमका तेव्हाच माझ्या वाट्याला धडा आला तो 'पाप जगात कसं आलं' हा. दिल्लीतली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्यातून एका रविवारी दुपारी जमते, मुनिरकाजवळच्या दुसऱ्यांच्या चर्चमध्ये, त्यांची हिंदी उपासना आटोपल्यावर. मोठे लोक आत उपासनेला बसले की मागच्या खोलीत मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे बायबलचा रविवारचा वर्ग, मी घेते.

या वेळी मी धडा जरा जास्तच मनावर घेतला. मंडळीच्या पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, आदाम, पहिला माणूस, पापात पडला तेव्हा आपण सगळे त्याच्याच पोटात होतो. मूळ किडलं की फांद्या कशा सुटतील? शेजारी केरळची एक नर्स राहते, जुन्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली. ती हे ऐकून हसली. त्यांच्यात शिकवतात की आदामाचा दोष लेकरांच्या माथी येत नाही, येतं ते फक्त मरण, आणि मरणाच्या भीतीनं माणसं एकमेकांना ओरबाडतात. आईनं फोनवर दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाली, मुलं बघतात तसं करतात, खाण तशी माती. माझा नवरा हिंदू. मानेसरच्या कारखान्यात पार्ट तपासायचे हे त्याचं काम. तो म्हणाला, "आम्ही मागच्या जन्मावर ढकलतो, तुम्ही मागच्या माणसावर. आमचे सप्लायर पण तेच म्हणतात यार, माल वरूनच असा आला."

रविवारी पाच मुलं आली. एदेन बाग सांगितली, ज्याचं फळ खायला देवानं मना केलं ते झाड सांगितलं, सर्प सांगितला. पकडले गेल्यावर आदामानं बायकोवर ढकलून कशी सबब पुढे केली तेही सांगितलं, की हिनं मला दिलं आणि मी खाल्लं. मग मी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत शनिवारी केलेल्या गुलाबी नारळाच्या वड्या होत्या. "हा कुणी उघडायचा नाही," असं सांगून मी बाहेर गेले.

माझा बेत साधा होता. मुलं उघडणार, तोंडं भरलेली असणार, मी हसणार आणि सांगणार की बघा, हे आपल्या सगळ्यांच्यात आहे, माझ्यातही. बाहेर अंगणात कोवळं ऊन होतं. आतून जुन्या मराठी गीताचा सूर येत होता, दिल्लीत फार लांबून आल्यासारखा. मी डोळे मिटून उभी राहिले. इतकं बरं वाटत होतं की दहा मिनिटं कशी गेली कळलं नाही.

परत आले तर डबा जसाच्या तसा. चार मुलं भिंतीला टेकून चिडीचूप. त्यातली सर्वांत लहान, चार वर्षांची, मनगट धरून आवाज न करता रडत होती. टेबलासमोर माझी मुलगी उभी, बोट उगारून. ती तिला सांगत होती, "पुन्हा सांगणार नाही."

मनगटावर चिमट्याची लाल खूण होती. मी छोटीला मांडीवर घेतलं आणि माझ्या मुलीला विचारलं, का? ती म्हणाली, "डबा उघडला असता तर तू गुस्सा झाली असतीस ना."

तेवढ्यात उपासना सुटली. छोटीच्या आईनं काय झालं विचारलं, तर मी म्हणाले, मुलांचं चालतंच. आदामानं याहून वेगळं काय केलं होतं? गडबडीत डबा तसाच पिशवीत गेला.

हौज खासला आम्ही दोघींनी मेट्रो बदलली. मग ती हळूच म्हणाली, हात आपोआप गेला. मी तिला आजोबांच्या बोटाबद्दल सांगितलं. आजोबांना कुणी शिकवलं? त्यांच्या वडिलांनी असेल. आणि त्यांना? अशा आम्ही बापामागे बाप मागे जात राहिलो आणि भुयार संपेना. साकेतनंतर गाडी एकदम वर उजेडात आली. गाडीभर पिवळं ऊन पसरलं. खाली उंच भिंतींच्या आत मोठमोठ्या बागा होत्या, फाटकं बंद, माणूस एकही नाही. ती काचेला नाक लावून बघत होती.

"मग मी पण माझ्या बाळाला हे देणार?"

पाळकसाहेब, नर्स, आई, कुणीच मदतीला आलं नाही. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण तू मला घाबरलीस, ती चूक माझी. मला माफ कर. घरी गेल्यावर छोटीच्या आईला फोन करून मी खरं सांगते." आमच्या घरात मोठ्यांनी लहानांची माफी मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

पिशवी ओढून तिनं मांडीवर घेतली. गाडीत खाणंपिणं मना आहे असं स्पीकरवरची बाई नुकतीच सांगून गेली होती. माझ्याकडे न बघता, मला न विचारता, तिनं झाकण उघडलं. सवयीनं माझा हात उठला. त्या उठलेल्या हातावर तिनं एक वडी ठेवली.

तिनं मला दिली, आणि मी खाल्ली.