विम्याचा कोरा चहा

डोमाजी बाभुळगावचे रिटायर पोस्टमन. पोटी मूल नव्हतं. आपल्यामागं पेन्शन कमी होईल आणि बायकोवर, मथुराबाईवर, हात पसरायची पाळी येईल, या धास्तीनं त्यांनी स्वतःचा विमा काढला होता. हप्त्यापायी घरातलं दूध बंद झालं. दोघंही कोरा चहा पीत.

पौषात मथुराबाईच गेली. चैत्रात डोमाजी नेहमीसारखे मोटारीनं यवतमाळला हप्ता भरायला गेले. बायको वारल्याचं सांगितल्यावर कारकुनानं विचारलं, “मग वारस म्हणून कोणाचं नाव लावायचं?”

“राहू द्या तिचंच.” त्यांनी पैसे भरले, पावती घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी गवळी दारात थांबला. “बाबाजी, आता एकट्यापुरतं पावशेर देऊ काय?”

“नको,” डोमाजी म्हणाले. “तिच्या विम्याचे हप्ते चालू हायेत अजून.”