दाराचा काही दोष नव्हता

गेल्या आठवड्यापर्यंत ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. टायपिंग क्लासातल्या त्या मुलीचं बोट दारात चेंगरलंच नव्हतं. ते मी पिरगाळलं होतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. नवी ऑफिसं, नव्या खुर्च्या. म्हणून आम्ही अकरावी-बारावीची पोरंपोरी टायपिंगवर तुटून पडलो होतो. पावसानं पाठ फिरवलेली. सरांचा नियम होता, ज्यानं त्यानं घरून तांब्याभर पाणी आणून क्लासच्या माठात ओतायचं. तांब्या अर्धा दिसला की सर विचारायचे, "बाकीचं काय रस्त्यात उतरलं का?"

ती आमच्यात सगळ्यात वेगवान. आमचं जमलं होतं. म्हणजे ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची आणि माझ्या चुका बघून हसायची. ते हसू फक्त माझं, असं मी धरून चाललो होतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं तांब्या माठात ओतण्याआधी उदगीरच्या एका मुलापुढं धरला. वर त्याच्याशी हसलीही. जिन्यात मी तिला गाठलं.

"त्याला पाणी का दिलंस?"

"तहान लागली होती म्हणून. मग काय, आंघोळीला?"

मी तिची करंगळी धरली आणि मागे वाकवली. ती ओरडली नाही. हात सोडवून घेऊन जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी हळद थापलेलं सुजकं बोट घेऊन ती परीक्षेला आली. "दारात चेंगरलं," सरांना म्हणाली. खरं कळलं असतं तर घरच्यांनी तिचाच क्लास बंद केला असता. हे तिला ठाऊक होतं, आणि मलाही.

सर दारावर भडकले. त्यांनी चौकटीला सायकलची जुनी ट्यूब ठोकली, वर पाटी लावली: 'दार सावकाश लावणे.' पोरं येताजाता दारापुढं हात जोडायची, "मालक, बोटं तेवढी सोडा!" सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो.

ती नापास झाली. मी पास झालो आणि नव्या ऑफिसात चिकटलो. निकालाआधीच ती क्लासात मुलींच्या रांगेत मधोमध जाऊन बसू लागली होती. मी जवळ गेलो तर सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझं मशीन तिकडं हाय. इकडं यायचं न्हाई." पोरी खुदकन हसल्या आणि खुर्च्या आणखी जवळ ओढून बसल्या. पुढच्या खेपेला ती पास झाली, नांदेडला नोकरीला लागली.

गेल्या आठवड्यात आमचा बारावीतला मुलगा गच्चीत फोनवर बोलत होता. "मला न विचारता गेलीसच कशी? सोबत कोण हाय? फोटो पाठव आधी." मला जिना आठवला. त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही? तुम्ही तर झुरळाला भिता!" तो हसला. मग हसायचा थांबला. "नंतर तिला काही बोललात?"

"न्हाई."

तो पुन्हा गच्चीत गेला. आवाज खाली येत होता: "मघाशी चुकलं माझं. फोटोबिटो काही नको." मग बराच वेळ नुसता होकार, "हाव... हाव... हाव." कान लाल करून खाली आला. "लई सुनावलं तिनं," म्हणाला, आणि पोटभर जेवला.

त्याला एका संध्याकाळी जमलं ते मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. तिची माफी मागायची आहे. आणि ज्या सगळ्यांसोबत मी दाराला हसलो, त्यांना सांगायचं आहे की ते बोट मी पिरगाळलं होतं. दोन्ही माझ्याकडून बाकी आहे.