दुखतं म्हणायचा संकोच

सासूबाईंचा गुडघा हिंगोलीला बदलला. ऑपरेशनच्या वेळी पाठीत एक बारीक नळी ठेवली होती. तिच्यातून दुखणं कमी करणारं औषध हळूहळू आत जात होतं. डबे, कपडे, रिपोर्टची फाईल, पाळीनं थांबणारी माणसं, सगळं मी आधीच लावून ठेवलं होतं. एकच गोष्ट माझ्या हातात नव्हती. पहिल्या काही दिवसांतच गुडघा वाकला नाही तर तो आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि गावी, हट्ट्याच्या शेतात स्वतःच्या पायानं जायचं, एवढ्यासाठीच तर सासूबाई ऑपरेशनला तयार झाल्या होत्या.

नर्स विचारायची, "आजी, दुखतंय का?"

"न्हाई बाई, बराबर हाये."

म्हणून औषध कमी केलं गेलं. व्यायाम करून घेणारा आला की सासूबाई दात आवळून पाय ताठ धरायच्या. गुडघा काही वाकेना.

मी चिडले. "आत्याबाई, दुखून राहिलंय तर सांगत काहून न्हाई?"

"डॉक्टरनं एवढं केलं, अन् त्यालाच तकलीफ सांगू? ज्यानं जेवू घातलं त्याला मीठ कमी हाये म्हणतेत का?"

"माझ्या भाजीला तर रोज म्हणता."

"तू घरची हायेस."

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली.

मी हे भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. दुखण्याचं नावच काढलं नाही.

"आजी, आत्ता घरी असता तर कुठलं काम जमलं असतं?"

सासूबाई विचारात पडल्या. "शेंगा फोडल्या असत्या. पडल्या पडल्या."

"भाकरी?"

"न्हाई. तेवढं बसवत न्हाई."

"कुशीवर वळता येतं?"

"त्येच जमंना."

कामाच्या बाबतीत त्या कधी खोटं बोलत नाहीत. डॉक्टरबाईंनी पायाची बोटं हलवून घेतली, रक्तदाब पाहिला आणि औषध वाढवलं. संध्याकाळी व्यायामवाला पुन्हा आला. गुडघा आधी जरासा, मग चांगलाच वाकला. दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं सासूबाई मान उचलून बघत राहिल्या.

"व्हय गं, वाकून राहिला की."

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. आता परत फिरा, असं मी म्हटलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "पुढं काय हाये ते बघू दे."