सतरा नंबरचा पाहुणा

लीलाधर भारंबे मूळचा फैजपूरचा. जळगावात तो कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा आणि आपल्या हुशारीबद्दल त्याला स्वतःला तरी काही शंका नव्हती. १९९९ साली त्याने झोपाळ्यांचे व्यापारी भंवरलाल यांची वेबसाइट बनवली. पितळी कड्यांच्या झोपाळ्यांचे फोटो, आणि शेवटी नाव-गाव लिहायची चौकट.

पण पंधरा दिवसांत ती चौकट कोणी भरली नाही. भंवरलाल म्हणाले, "लीलाधरभाऊ, दुकानात माणूस नुसता डोकावला तरी मला दिसतो. इथं कोण येऊन जातं ते कसं कळणार?"

लीलाधरने आठ दिवस खपून एक प्रोग्राम लिहिला. जो साइट उघडेल, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोग्राम गुपचूप एक नंबर ठेवायचा. तोच कॉम्प्युटर परत आला की नंबरावरून ओळख पटायची. आणि माणसाने एकदा नाव लिहिलं, की आधीच्या सगळ्या भेटी त्याच्या नावावर चढायच्या.

महिनाभरात सतरा नंबरचा पाहुणा त्रेसष्ट वेळा आला. सकाळी यायचा, दुपारी यायचा. भंवरलालांची भूक उडाली. "एवढे झोपाळे कोणाला लागतात? मंगल कार्यालय काढतोय का कोणी?"

एका मंगळवारी नाव आलं. चुडामण पाटील, निवृत्त मुख्याध्यापक, धुळे. खाली पूर्ण पत्ता.

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन दोघं एसटीने धुळ्याला गेले. गुरुजींनी पुड्यातला एक पेढा घेतला, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "आपण कोण?"

लीलाधरने सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "मी इथल्या सायबर कॅफेत एकदाच गेलो. सुरतच्या मुलाला ई-मेल करायला. समोर चौकट होती, म्हणून भरली."

आतून गुरुजींच्या पत्नी मंजुळाबाई म्हणाल्या, "यास्ले मोकळी चौकट दखाई का तठे नाव लिखतसच. त्यान्हा काय इलाज नही."

गुरुजींनीच दोघांना त्या सायबर कॅफेत नेलं. खोलीत एकच कॉम्प्युटर होता. कॅफेवाल्या अभिमनने झोपाळ्याचं पान आवडलं म्हणून सुरुवातीलाच लावून ठेवलं होतं. जो येऊन बसेल त्याच्यासमोर आधी झोपाळा. नोकरीचे अर्ज पाठवणारे, कॉलेजची पोरं, परदेशातल्या जावयाला पत्र लिहिणारे, सगळे मिळून सतरा नंबर.

लीलाधरचे कान तापले. माणूस ओळखायला निघालो आणि खुर्ची ओळखून आलो, असं त्याला झालं. भंवरलाल आता काय बोलतील याची तो वाट पाहत राहिला.

भंवरलाल खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "म्हणजे धुळ्यात त्रेसष्ट जणांनी झोपाळा पाहिला. माझ्या दुकानात महिन्याला एवढे कुठे येतात?" उरलेले पेढे त्यांनी अभिमनला दिले आणि पान तसंच ठेवायला सांगितलं.

जळगावला परतल्यावर लीलाधरने चौकटीत एक प्रश्न वाढवला : हा कॉम्प्युटर तुमचा स्वतःचा आहे काय?

पहिलं उत्तर धुळ्याहून आलं. "नाही. कळावे. चुडामण पाटील. ता. क. आपल्या पानावर इंग्रजीच्या अकरा चुका आहेत." खाली त्या अनुक्रमे लिहिल्या होत्या. लीलाधरने नऊ मुकाट्याने दुरुस्त केल्या. उरलेल्या दोनवरून त्यांचा पत्रव्यवहार दिवाळीपर्यंत चालला.