पूर्ण झाल्यावर टाकू

दुपारच्या बॅचला मी शिकवत होते, तेव्हा यवतहून मंगलचा फोन आला. मंगल म्हणजे माझ्या आतेभावाची, सुधाकरची बायको. "ताई, हे गेले..." एवढंच म्हणाली. सुधाकर साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होता. कामावरच छातीत दुखायला लागलं, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. चाळिशी नुकतीच उलटली होती. मी मुलांना घरी पाठवलं, शिरूरच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासला कुलूप लावलं आणि न्हावऱ्यामार्गे यवतला निघाले. एसटीत बसल्यावर जो पहिला विचार आला, तो त्या दिवशी कुणापाशी बोलण्यासारखा नव्हता : आता ते लिखाण तसंच राहिलं.

ते लिखाण म्हणजे एका सॉफ्टवेअरची मराठी माहिती. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी जगभरातले लोक मिळून ते सॉफ्टवेअर तयार करतात. त्याचा कोड, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञांचा मजकूर, सगळ्यांना खुला; कुणीही उघडावा, वाचावा, बदलावा. कोड कसा वापरायचा हे सांगणारी पानं असतात, त्यांना डॉक्युमेंटेशन म्हणतात. ती सगळी इंग्रजीत. सुधाकरचं स्वतःचं शिक्षण दौंडला मराठीतून झालेलं. ती पानं शब्दकोश मांडीवर घेऊन तो वाचायला शिकला होता. आपल्यामागून येणाऱ्यांना हा त्रास नको, म्हणून सगळं मराठीत आणायचं त्यानं मनावर घेतलं. त्या परदेशातल्या मंडळींना विचारलं, त्यांनीही आनंदानं लिहा म्हणून कळवलं.

त्याची लिहायची पद्धत मात्र जगावेगळी होती. लिहिलेलं पान तो आधी आईला, म्हणजे माझ्या आत्याला, वाचून दाखवायचा. आत्या ओसरीवर कांदे निवडत बसलेली असायची. एकदा मीही तिथं होते. कोडमधलं फंक्शन म्हणजे काय ते तो समजावत होता : गिरणीत वरून दाणे टाकायचे, खालून पीठ घ्यायचं, आत काय फिरतं याची आपल्याला फिकीर नाही. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् लाईट गेली तर?" मी हसून लोळायची बाकी होते. सुधाकर नाही हसला. त्यानं पानाच्या शेवटी एक ओळ वाढवली : केलेलं काम अधूनमधून सेव्ह करत जा. "ह्यो समद्या गावाला कंप्युटर शिकवणार," आत्या मला म्हणाली, "आन् घरातला पंखा मातुर दिवाळीपास्नं बंद हाय."

पहिली काही प्रकरणं झाली तेव्हाच मी त्याच्या मागे लागले होते. "झालंय तेवढं टाक की इंटरनेटवर."

"पूर्ण झाल्यावर टाकू, ताई. मधेच तुटलेलं कुणी वाचायला घेतलं तर अडकंल की."

"अडकला तर विचारील तुला."

"आपली पोरं इचारत न्हाईत. गप सोडून देत्यात. मीच दोनदा सोडलं होतं."

वर्गात मीही रोज तेच बघत होते. पण कोड काही कुणासाठी थांबत नाही. सुधाकर शेवटच्या प्रकरणाशी पोचायचा आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यायची. पहिल्या प्रकरणात सांगितलेली फाइल आता दुसरीकडे, तिसऱ्यातली आज्ञा बदललेली. तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. मधे मराठी टायपिंगची पद्धतच बदलली, जुन्या फॉन्टमधलं सगळं नव्यानं टाइप करणं आलं. तेही त्यानं केलं. "हे पळत्या एसटीमागं धावणं झालं," मी एकदा चिडून म्हटलं. "पुढच्या स्टँडला गाठतो की," तो म्हणाला. त्याला स्वतःच्या कष्टांचं काही वाटत नसे. एखाद्या मुलाच्या हाती चुकीचं पान पडेल, याचीच त्याला धास्ती होती. एवढ्या वर्षांत ते लिखाण कारखान्यात कुणी पाहिलं नाही, गावात कुणी पाहिलं नाही, आणि ज्यांच्यासाठी चाललं होतं त्यांना तर ते आहे हेच माहीत नव्हतं.

तेराव्यानंतर मंगलनं त्याचा कॉम्प्युटर माझ्याकडे पाठवला. उघडून पाहिलं... सगळी प्रकरणं पूर्ण होती. एकही बाकी नव्हतं. फक्त ती होती मागच्या आवृत्तीची. पुढची आवृत्ती तो जायच्या थोडं आधी आली होती, आणि पहिल्या प्रकरणात त्याच्या दुरुस्त्या सुरूही झालेल्या होत्या.

मंगलला विचारून मी ते सगळं आहे तसं इंटरनेटवर टाकलं. वर लिहिलं की हे अमुक आवृत्तीचं आहे, काही गोष्टी आता जुळणार नाहीत, अडल्यास माझ्या या ई-मेल पत्त्यावर विचारा. त्याला हे अजिबात आवडलं नसतं, हे माहीत असून टाकलं.

रविवारी क्लास बंद असतो, पण शटर अर्धं वर करून मी अजून दहाच्या सुमारास येऊन बसते. सुधाकर रविवारीच यायचा. उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकून उशीर झाला तरी यायचा, आणि खिडकीजवळच्या मशीनवर इंटरनेट लावून बसायचा. मागच्या रविवारी मी त्या जागी बसले होते, तेव्हा दौंडहून कुणा अनोळखी मुलाची मेल आली. "दुसऱ्या प्रकरणात सांगितलेली फाइल माझ्याकडे नाही, कुठं शोधू?" मला कोड फारसा येत नाही. तरी नव्या आवृत्तीचं इंग्रजी पान लावून बसले आणि फाइलचं नवं नाव सापडलं. पानावर दुरुस्ती केली, मुलाला कळवलं. हे सगळं होईपर्यंत समोरचा चहा पुरता निवलाही नव्हता. एवढ्याशा दुरुस्तीला भिऊन सुधाकरनं आपलं लिखाण इतकी वर्षं घरात ठेवलं...

शटर ओढायला उठले तर त्याच मुलाची दुसरी मेल आली होती. फाइल सापडली होती. आता तो तिसऱ्या प्रकरणात अडला होता.