येळवशीचं आवतण

आधीच सांगते, म्हणजे वाचून झाल्यावर कुणी मला शहाणपण शिकवायला नको. आमच्याकडं लाइट गेली की भुताच्या गोष्टी निघतात, आणि मी तेव्हा उठून मेणबत्ती शोधायला लागते. नवस बोलत नाही. दुकानाला लिंबू-मिरची बांधू दिली नाही, त्यावरून सासूबाईंशी कडाक्याचं भांडण झालं होतं. तेव्हा हे कुणाला घाबरवायला लिहीत नाही. गेल्या येळवशीला जे घडलं त्याचा मी हर बाजूनं छडा लावून पाहिला... आणि हात टेकले. म्हणून इथं मांडतेय.

मी उदगीरची, माहेर लातूरचं. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवार-रविवार घरी येतो. बाकी घरात सासरे आणि मी. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. सासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणायचं, म्हणून मीही अव्वाच म्हणायची. आमचा छोटासा धंदा आहे – कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी, काळं तिखट, आणि येळवस जवळ आली की भज्जीचा मसाला. हात अव्वांचा, मोबाईल माझा, अशी आमची भागीदारी.

पुण्या-मुंबईकडच्यांना येळवस माहीत नसते, त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या – वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर-उदगीरला बाजारपेठेत चिटपाखरू नसतं, सगळं गाव रानात. पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, वर कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभं करायचं, पूजा करायची आणि मग डाळी-शेंगा-पालेभाज्यांची मिसळीची भज्जी, ताकातली ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे. ज्यांना शेत नाही – बदलीवर आलेले बँकवाले, मास्तर – त्यांनाही कुणी ना कुणी बोलावतंच. रस्त्यानं जाणारा उपाशी गेला तर शेतमालकाला कमीपणा. आमच्या अव्वा तर देवणी रोडला आमच्या रानाच्या बांधावर उभ्या राहून ओळख ना पाळख, मोटारसायकली अडवायच्या.

आता धंद्याच्या पेजवरच्या पोस्टचं. कुठली पोस्ट कधी जाणार हे मी रविवारी दुपारी बसून ठरवते. सोमवारी रेसिपी, बुधवारी गिऱ्हाइकानं पाठवलेला फोटो, शुक्रवारी ऑर्डरची आठवण. टाइम लावून ठेवला की आपली आपण जाते. आठवड्याचं पीठ एकदाच दळून आणावं, तसं. मी लिहायची तेव्हा अव्वा शेजारी शेंगा निवडत बसायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण फोटो काढायची भारी हौस... आणि एकूण एक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा. मी चिडायची. म्हणायची, अव्वा, लोक चटणी विकत घेतात, तुमचा अंगठा नव्हे. त्यांचं उत्तर ठरलेलं, असू दे की, कुणी केली ते तर कळंल. मग मी गुपचूप अंगठा कापून फोटो लावायची.

पोस्ट आपोआप जाते हे त्यांना पटायला बरेच दिवस लागले. आम्ही लग्नाला गेलो असताना एक पोस्ट गेली, त्यावर ऑर्डरी आल्या, तेव्हा कुठं पटलं.

"म्हंजे मी घरी नसले तरी माझं बोलणं जातंय म्हण की," असं म्हणून हसल्या होत्या.

मी हो म्हणून विषय सोडून दिला. कामात होते.

पावसाळ्यात अव्वा गेल्या. ताप काय आला, लातूरला नेलं काय... आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. आणि अप्पांचं जेवण सुटलं.

हे नीट सांगते, कारण सगळं ह्याच्यावरच आहे. अप्पा कधी एकटे जेवलेच नव्हते. अव्वा समोर बसणार, "घ्या की अजून" म्हणत राहणार, हे "बास, बास" म्हणत राहणार, आणि ताट चाटून-पुसून रिकामं. आता समोर कुणी नाही तर दोन घास घेऊन ताट सरकवायचे. मी समोर बसून पाहिलं. नवऱ्यानं बसून पाहिलं. धपाटे केले, खीर केली, रागावले, रडले. "भूक न्हाई माय" एवढंच. सदऱ्याच्या गळ्यात हात जाईल इतके वाळले. लातूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, आजार काही निघाला नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, ह्यांना खायला घाला, असंच चाललं तर फार दिवस निघायचे नाहीत.

त्या दिवशी बसमध्ये मी मनाशी ठरवलं. धंदा बुडाला तरी बेहत्तर, पण अव्वांच्या माघारी अप्पा उपासमारीनं गेले असं होऊ देणार नाही. मी चिवट आहे, हे माझ्या माहेरचेही सांगतील.

येळवस आली. आमचं दुखवट्याचं वर्ष, म्हणजे सण नाही. घरात ठरलं की रानात जायचं नाही, पूजा नाही, भज्जी नाही. शेजारपाजारचे डबा आणून देतील तेवढंच. मी रविवारी पोस्टी लावल्या, त्यात अमावस्येच्या सकाळची ही: 'आमच्या अव्वा यंदा आपल्यात नाहीत. आज दुकान बंद राहील. ऑर्डर उद्यापासून.' लिहिताना डोळे भरून आले, पण टाइम लावला, दोनदा तपासला आणि फोन बाजूला ठेवला.

अमावस्येच्या सकाळी मी स्वयंपाकघरात मसाल्याची पाकिटं सील करत होते. रस्त्यावर अगदी सामसूम. नांदेडहून नवऱ्याचा फोन आला, आवाज चढलेला. आपलं ठरलं काय होतं आणि तू हे काय टाकलंस, म्हणून. मी म्हटलं, बंदची नोटीस टाकली, त्यात रागवायचं काय. तो म्हणाला, तू आधी उघडून बघ.

उघडलं. आमच्याच पेजवर, आमच्याच नावानं पोस्ट होती:

'या गा समदे येळवशीला. आंबील गार हाय, भज्जी ऊन हाय. आमचे मालक रानात एकटेच बसलेत. एकट्यानं त्यास्नी घास जात न्हाई. सोबत बसा.'

खाली फोटो. आमच्या रानातल्या लिंबाखाली पाच पांडव, पांढरेफेक, चुना ओला दिसत होता. मागं हिरवागार हरभरा. आणि उजव्या कोपऱ्यात... धुरकट, तांबूस... अंगठा.

माझ्या हातातलं पाकीट खाली पडलं, मसाला सगळीकडं. पहिल्यांदा राग आला, खरंच सांगते. कुणीतरी अकाउंटमध्ये घुसून मेलेल्या माणसाची चेष्टा करतंय, असं वाटलं. मग ती ओळ परत वाचली – मालक रानात एकटेच बसलेत. अप्पा तर खोलीत झोपलेले. मी जाऊन दार लोटलं. अंथरूण घडी घातलेलं, कोपऱ्यातली काठी नाही, दारातल्या वहाणा नाहीत.

पोस्ट काढायला गेले तर ती निघेना. बटण दाबलं की गोल फिरत राहायचं आणि पोस्ट जिथल्या तिथं. खाली कमेंट येऊन पडत होत्या – निघालो ताई, आम्ही पाचजण आहोत, बँकेतले सगळे येलालेत. एकीनं विचारलं होतं, येताना काय आणू. मी तिथंच खाली बसले. बसून काय होणार होतं? लोक निघाले होते. दुखवटा असो नाहीतर काही असो, आमच्या बांधावर आलेला माणूस उपाशी परत जाणार नाही. मी उठले, दुकानातल्या चटणीच्या होत्या नव्हत्या तेवढ्या बरण्या पोत्यात भरल्या, दही घेतलं, कांदे घेतले, स्कूटी काढली. नवऱ्याला फोन करून एवढंच सांगितलं की मी रानात चाललेय, प्रश्न नंतर विचार.

रानात पोहोचले तर बांधाला मोटारसायकली लागलेल्या. लिंबाखाली पाचपंचवीस माणसं अवघडून उभी, चूल नाही, कोप नाही, काही नाही. मधे अप्पा, काठीवर दोन्ही हात ठेवून, वाट चुकल्यागत बघत होते. पहाटेच एखाद्या जीपमध्ये बसून आले होते म्हणे. अव्वाची येळवस चुकवायची कशी, नुसतं बसून परत येऊ, म्हणून. कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणालाच.

मी स्कूटीवरून उतरले आणि लोकांना खरं काय ते सांगून टाकलं – आमचं दुखवट्याचं वर्ष आहे, पोस्ट कशी गेली मला माहीत नाही, घरात सणाचं केलेलं नाही, पण आलात तर बसा, दही-चटणी आहे. तेवढ्यात शेजारच्या रानातल्या बसम्माकाकू डोक्यावर भज्जीचं पातेलं घेऊन बांध ओलांडून आल्या. त्यांच्यामागं त्यांची सून आंबिलीची बिंदगी घेऊन. पलीकडच्या रानातून उंडे आले, आणखी कुठून खीर आली. बसम्माकाकू म्हणाल्या, दुखवट्याच्या घरी आम्हीच आणायचं असतंय, तू कशाला तोंड पाडून उभी राहिलीस.

पानं मांडली. सगळे बसले, पण कुणी घास उचलेना. बँकेतल्या एक बाई, कोल्हापूरकडच्या, आमच्याकडच्या रीती काही माहीत नसलेल्या, सरळ अप्पांना म्हणाल्या:

"काका, शेताचे मालक तुम्ही. तुम्ही उभे असताना आम्ही कसं जेवायचं?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्यासाठी एक पान सरकवलं. ते हळूच खाली बसले. बसम्माकाकूंनी भज्जी वाढली. एक घास. दुसरा. लोक जेवायला लागले, कुणी अव्वांनी मोटारसायकल कशी अडवली होती ते सांगितलं, हशा झाला. अप्पा हसत नव्हते, पण हात थांबला नव्हता. ताट रिकामं झालं. आणि मग ते म्हणाले, "आंबील वाढ गं अजून."

मी उसाच्या आडोशाला जाऊन पोटभर रडले. लाज कसली त्यात.

लोक गेल्यावर पांडवांपाशी गेले. पाचही दगडांना चुना, नुकताच वाळलेला. विचारलं, अप्पा, चुना तुम्ही लावलात का.

"मी कशाला लावू?" अप्पा म्हणाले. "मी आलो तवा लावलेलाच हुता, वल्ला. मला वाटलं तूच पहाटंला येऊन गेलीस."

आता माझी चौकशी ऐका. अकाउंट फक्त माझ्या फोनवर आणि घरच्या लॅपटॉपवर उघडतं. लॅपटॉप त्या दिवशी बॅगेत, बॅग कपाटात. पासवर्ड नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. अप्पांकडं बटणाचा फोन, त्यात कॅमेरा नाही. माझी बंदची नोटीस गेलीच नव्हती. टाइम उलटून गेला तरी पुढच्या पोस्टींच्या रांगेत तशीच पडून होती. मग म्हटलं, अव्वांनी मागं कधी सांगून लिहून घेतलेलं असेल, चुकून तेच गेलं. पण 'मालक एकटेच बसलेत' हे जुनं कसं असेल? फोटो जुना म्हणावा तर त्याच्या आदल्या वर्षी त्या तुकड्यात ज्वारी होती, हरभरा त्याच वर्षीचा. माझ्या गॅलरीत तो फोटो नाही. रानाच्या राखण्याला विचारलं, बसम्माकाकूंना विचारलं, सकाळी तिथं कुणी आलेलं कुणालाच दिसलं नाही. पेजवाल्या कंपनीला मेल केला, उत्तर आलं की पोस्ट आपल्याच फोनवरून गेलेली दिसते. माझ्याच फोनवरून... जो तेव्हा ओट्यावर, माझ्या समोर होता.

नवरा म्हणतो सोड. नणंद म्हणते अव्वाच होत्या, त्यात विचार कसला करायचा. मला असं पटकन मानता येत नाही, आणि नाकारायला काही सापडत नाही. तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर जरूर सांगा, फक्त 'तुम्हीच चुकून टाकली असेल' हे नको, ते मी स्वतःला पुष्कळदा सांगून झालंय.

यंदाची येळवस तोंडावर आलीय. यंदा आम्ही करणार आहोत, कोप-बीप सगळं. पोस्टी लावून झाल्यात, फक्त अमावस्येच्या सकाळची जागा मी मोकळी ठेवलीय. का ठेवलीय, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

ती जुनी पोस्ट काढली नाही, अंगठाही कापला नाही. रोज जेवायच्या वेळी अप्पा माझा फोन मागून घेतात. वाचता येत असूनही अक्षरं वाचत नाहीत, नुसता फोटोचा तो उजवा कोपरा बघतात. मग फोन ताटाच्या समोर, अव्वा बसायच्या तिथं ठेवतात आणि मला म्हणतात, "हां, वाढ आता."